वाया जाणाऱ्या उष्णतेवर १० किलोवॉट: लहान टर्बाइनचं डिझाइन कुठल्या क्रमाने करायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक पट्ट्यात भट्टीच्या धुराड्यातून जाणारी उष्णता बघून वीज तयार करायचा विचार मनात येणं साहजिक आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, व्हीएमसी, वायरकट सगळं हाताशी असतं, त्यामुळे काम लगेच सुरूही होतं, पण चुकीच्या टोकापासून. आधी ट्रकच्या टर्बोचं चाक आणलं जातं, त्याला जनरेटर जोडला जातो आणि मग उष्णता, द्रव आणि दाब त्याच्या गळ्यात बसवायचा प्रयत्न होतो. चाक फिरतं, दिवा लागतो, पण १० किलोवॉटच्या जागी अडीच मिळतात. मग दोष चाकाला दिला जातो आणि दुसरं चाक आणलं जातं.

खरा क्रम याच्या उलट आहे. उष्णता, थंड बाजू, द्रव, फेरे, नोझल आणि सगळ्यात शेवटी चाक. यंत्र थोडक्यात असं: पंप द्रव ढकलतो, धुराची उष्णता त्याची वाफ करते, ती नोझलमधून (वाफेला वेग देणाऱ्या अरुंद वाटेतून) चाकावर जाऊन जनरेटर फिरवते आणि कंडेन्सर (थंड बाजू) तिचा परत द्रव करतो. खाली तोच क्रम एका उदाहरणावर दाखवला आहे. धूर ०.८ किलो प्रति सेकंद, तापमान ३०० अंश सेल्सिअस, यंत्रात फिरणारा द्रव आर-२४५एफए (कमी तापमानाला उकळणारा). आकडे पहिल्या मांडणीपुरते आहेत. ड्रॉइंग काढण्याआधी स्वतःच्या मोजमापावर आणि द्रवाच्या गुणधर्मांच्या तक्त्यावर ते पुन्हा काढा.

टप्पा १: कुठली उष्णता धरायची, कुठली सोडायची

इंडक्शन फर्नेसच्या कॉइलचं पाणी सगळ्यांना आधी दिसतं, कारण ते रात्रंदिवस वाहतं. ते सोडा. ५०-५५ अंशांच्या पाण्यावर आणि ४० अंशांच्या कंडेन्सरवर आदर्श यंत्रसुद्धा पाच टक्क्यांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात पंप आणि पंखेच ते खाऊन टाकतात.

क्युपोलाचा (कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीचा) धूर गरम असतो, पण क्युपोला आठवड्यातून मोजकेच दिवस आणि तेही काही तास पेटतो. वर धुळीचा थर बसतो, कोकमधलं गंधक असतं आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पहिल्या यंत्रासाठी हा स्रोत नको. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचं धुराडं हंगामापुरतं. डिझेल जनरेटरचा धूर चांगला, पण तो लाइट गेल्यावरच.

उरतात त्या सलग चालणाऱ्या गॅसवरच्या हीट ट्रीटमेंट फर्नेस आणि थर्मिक फ्लुइड (उष्णता वाहून नेणारं तेल) तापवणारे हीटर. वर्षाला ५,००० तासांच्या वर चालणारा स्रोत असेल तरच पुढचा टप्पा वाचा. १० किलोवॉट निव्वळ, दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ६०,००० युनिट. त्याला आपल्या बिलातल्या दराने गुणा. तो आकडा पूर्ण यंत्राच्या खर्चाशी ताडून बघा, नुसत्या टर्बाइनच्या नव्हे. हीट एक्स्चेंजर, पंप, इन्व्हर्टर आणि द्रव यांपुढे चाकाचा खर्च किरकोळ असतो.

टप्पा २: सात दिवस मोजा

आठवडी सुट्टी आणि सुट्टीनंतरची पहिली पाळी धरून सलग सात दिवस नोंद हवी. लागेल ते सामान: तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल दोन, धुराच्या वेगासाठी पिटो ट्यूब, तिचा दाब वाचायला तिरका मॅनोमीटर आणि दर मिनिटाला नोंद घेणारा लॉगर.

१. धुराड्याला भोक पाडताना वाकापासून निदान आठ व्यास पुढे सरळ भाग असेल अशी जागा निवडा.
२. एकमेकांना काटकोनात दोन भोकं, प्रत्येकातून पाच-सहा ठिकाणी वेग मोजा. मध्यभागी एकदाच मोजला तर प्रवाह हमखास जास्त दिसतो.
३. ४०० मिमी व्यासाच्या धुराड्यात ०.८ किलो प्रति सेकंद म्हणजे सुमारे ११ मीटर प्रति सेकंद. त्याचा दाब साध्या पिटोवर जेमतेम साडेतीन मिमी पाणी, एस आकाराच्या पिटोवर पाच. सरळ यू-ट्यूबवर हे वाचता येत नाही. म्हणून मॅनोमीटर तिरका हवा.
४. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथला हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. पुस्तकातली समुद्रसपाटीची घनता धरली तर घनतेत सात टक्के आणि प्रवाहात साडेतीन टक्के चूक होते.

आता उष्णता: ०.८ × १.०८ × (३०० − १४०) = १३८ किलोवॉट. धूर १४० अंशांवर का थांबवला? गॅसच्या धुरात थोडं खाली जाता येतं. फर्नेस ऑइल जळत असेल तर गंधकामुळे १२०-१४० अंशांच्या खालच्या पत्र्यावर आम्ल जमतं आणि हीट एक्स्चेंजरच्या ट्यूब वर्षभरात चाळणी होतात. अशा ठिकाणी धुराचं तापमान पाहून चालत नाही. ट्यूबच्या आतलं परतीचं तेल (धुराची उष्णता द्रवापर्यंत नेणारं, टप्पा ४ बघा) १३० च्या वर ठेवावं लागतं, आणि मग पुढचं सगळं गणित बदलतं.

तपासणी: सात दिवसांतल्या सरासरीवर डिझाइन करू नका. ज्या पातळीच्या वर उष्णता ८० टक्के वेळ राहते, ती पातळी धरा. जास्तीची उष्णता बायपास डँपरने (धूर बाजूने काढणाऱ्या झडपेने) सोडता येते. कमी पडलेली कुठून आणणार?

टप्पा ३: थंड बाजू

सगळ्यात जास्त किलोवॉट इथे हरवतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

एप्रिल-मे मध्ये शेडच्या छपरावर हवा ३८ अंशांच्या पुढे जाते. नुसत्या पंख्यांचा कंडेन्सर तेव्हा ५० अंशांवर बसतो. कूलिंग टॉवर असेल तर ४० वर ठेवता येतो. फरक असा:

– ४० अंशांवर कंडेन्सरचा दाब २.५ बार. टर्बाइनला प्रत्येक किलो वाफेमागे मिळणारी आदर्श ऊर्जा सुमारे ३४ किलोज्यूल.
– ५० अंशांवर दाब ३.४ बार. ऊर्जा सुमारे २८ किलोज्यूल.

म्हणजे कंडेन्सर दहा अंश चढला की सहावा हिस्सा गेला. चाकाची कार्यक्षमता पाच टक्क्यांनी वाढवण्यासाठी जेवढी मेहनत लागते, तिच्या दहाव्या हिश्श्यात कंडेन्सर मोठा करता येतो. बोअरचं पाणी जड असेल तर ते टॉवरला तसंच लावू नका. क्षार बसलेला कंडेन्सर आणि लहान कंडेन्सर यात फरक नाही.

कंडेन्सर फीड पंपापेक्षा निदान दीड मीटर उंच बसवा आणि द्रव उकळबिंदूपेक्षा तीन ते पाच अंश जास्त थंड करून घ्या (सबकूलिंग). हे नसेल तर पंपाच्या तोंडाशीच द्रव उकळतो, पंप खडखडतो आणि दाब हेलकावे खातो. मग टर्बाइन उघडून बघितलं जातं, ज्याचा काही दोष नसतो.

इशारा: गेज हवेच्या दाबावरचा दाब दाखवतो, तक्ते निरपेक्ष दाबाचे असतात. कंडेन्सरचा २.५ बार गेजवर १.५५ दिसेल. या लेखात सगळीकडे निरपेक्ष दाब आहे.

टप्पा ४: द्रव आणि दाब

आर-२४५एफए पेट घेत नाही. वातावरणाच्या दाबाला १५ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे यंत्र बंद असतानाही आत व्हॅक्यूम होऊन हवा शिरण्याचा धोका आपल्या हवेत फारसा नाही. पेंटेन स्वस्त, पण तो ३६ अंशांवर उकळतो. पावसाळ्यात बंद यंत्रात व्हॅक्यूम होतो, हवा आत ओढली जाते आणि आत पेट घेणारं मिश्रण तयार होतं. फौंड्रीच्या शेडमध्ये, जिथे ठिणगी कायमची, तिथे पेंटेन नको.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. आर-२४५एफए एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गटातला आहे. हे वायू कमी करण्याच्या किगाली कराराप्रमाणे भारतात या गटाचा वापर २०२८ पासून गोठवला जाणार आहे आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. यंत्र पंधरा वर्षं चालवायचं असेल तर आर-१२३३झेडडी या द्रवाचंही गणित शेजारी मांडून ठेवा. सील आणि ओ-रिंग दोन्हींना चालतील असे निवडा.

उदाहरणात वाफ ११० अंशांवर बनते, दाब १५.७ बार. प्रत्येक किलोला उष्णता लागते सुमारे २२९ किलोज्यूल, म्हणून प्रवाह १३८ ÷ २२९ = ०.६ किलो प्रति सेकंद.

धूर आणि द्रव यांची थेट गाठ घालू नका. ट्यूबवर एखादी जागा जास्त तापली की द्रवाचं विघटन होतं आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. मध्ये थर्मिक फ्लुइडचं चक्र ठेवा: जाताना १४५, येताना ९७ अंश, प्रवाह साधारण १.३५ किलो प्रति सेकंद. वाफ जिथे बनायला सुरुवात होते तिथे तेल आणि द्रव यांच्यात आठ अंशांचं अंतर उरतं का, ते तपासा. नुसतं दोन टोकांचं तापमान बघून एक्स्चेंजर घेतला तर मधेच हे अंतर शून्य होतं आणि कागदावरची उष्णता द्रवात उतरतच नाही.

वाफ किती सुपरहीट करायची, म्हणजे उकळबिंदूच्या वर किती तापवायची? तीन ते पाच अंश पुरे. पाण्याच्या वाफेची सवय असलेले लोक तीस-चाळीस अंश देतात. या द्रवाची वाफ पसरताना आपोआप कोरडी होते, त्यामुळे जास्तीची उष्णता सरळ कंडेन्सरच्या बोकांडी बसते.

टप्पा ५: फेरे, व्यास, पात्याची उंची

आता कुठे टर्बाइन. ३४ किलोज्यूल ऊर्जा पूर्ण वेगात बदलली तर वेग येतो √(२ × ३४,०००) ≈ २६० मीटर प्रति सेकंद. बाहेरून आत वाहणाऱ्या रेडियल टर्बाइनमध्ये चाकाच्या कडेचा वेग याच्या ०.७ पट, म्हणजे १८२ ठेवला की काम उत्तम चालतं. हा १८२ पक्का. बाकी सगळी देवाणघेवाण फेरे आणि व्यास यांच्यात:

– मिनिटाला ३४,००० फेरे: चाक १०२ मिमी, प्रवेशाशी पात्याची उंची १.३ मिमी
– ४५,००० फेरे: चाक ७७ मिमी, उंची १.७ मिमी
– ६२,००० फेरे: चाक ५६ मिमी, उंची २.३ मिमी

(नोझलचा कोन स्पर्शरेषेपासून १५ अंश धरून.)

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून उतरते. ‘फेरे कमी केले की काम सोपं’ असं वाटतं. बेअरिंग आणि बॅलन्सिंगपुरतं ते खरं आहे. पण फेरे कमी झाले की चाक मोठं होतं, चाक मोठं झालं की तीच वाफ मोठ्या परिघावर वाटली जाते आणि पातं बुटकं होतं. १.३ मिमीच्या पात्यावर ०.१५ मिमी क्लिअरन्स (पातं आणि केसिंग यांतली फट) म्हणजे बारा टक्के उंची उघडी. वाफ पात्याला न शिवता वरून निघून जाते.

आपल्याकडच्या मशीनिंगची आणि बॅलन्सिंगची सोय बघता ४५,००० हा मधला मार्ग बरा. ६२,००० वर चाक जास्त चांगलं चालेल, पण तिथली बेअरिंग आणि जनरेटर वेगळ्याच दर्जाचे लागतात.

अपेक्षित हिशेब: ०.६ × ३४ = २०.४ किलोवॉट आदर्श. टर्बाइन ७० टक्के धरून १४.३. जनरेटर आणि इन्व्हर्टरनंतर १२.६. फीड पंप १.३, पंखे, तेलपंप वगैरे १.२ वजा. हातात दहा. कुणी याच उष्णतेतून वीस सांगत असेल तर पंप-पंखे मोजलेत का, हे आधी विचारा.

टप्पा ६: नोझल

टर्बोचं चाक इथे का हरतं, याचं उत्तर नोझलमध्ये आहे. हवेत आवाजाचा वेग साडेतीनशेच्या आसपास. या जड वाफेत तो १३० च्या आसपास. नोझलमधून वाफ १८७ मीटर प्रति सेकंदाने बाहेर पडायला हवी, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ १.४ पट. हवेसाठी केलेली नुसती निमुळती नोझल हा वेग नीट देऊ शकत नाही. वाफ गळ्याशी (नोझलच्या सगळ्यात अरुंद जागी) अडते आणि उरलेला दाब बाहेर पडल्यावर धक्क्यांच्या लाटांमध्ये वाया जातो.

म्हणून आधी निमुळती, मग किंचित रुंदावत जाणारी नोझल हवी:

१. गळ्याचं एकूण क्षेत्रफळ काढा. उदाहरणात सुमारे ८८ चौरस मिमी. आदर्श वायूचं सूत्र वापरू नका. संपृक्त स्थितीजवळ (उकळबिंदूच्या जवळ) ही वाफ आदर्श वायूसारखी वागत नाही, क्षेत्रफळ बरंच चुकतं.
२. ११ नोझल घ्या. प्रत्येकीचा गळा ८ चौरस मिमी: उंची १.७, रुंदी ४.७ मिमी.
३. गळ्यानंतर क्षेत्रफळ १५ ते २० टक्के वाढू द्या. त्याहून जास्त उघडलं तर वाफ भिंतीपासून सुटते.
४. चाकावर १३ पाती ठेवा. ११ आणि १३ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे सगळ्या पात्यांना एकाच क्षणी ठोका बसत नाही.
५. नोझलचं टोक आणि चाक यांत दोन-अडीच मिमी मोकळी जागा सोडा.

नोझलची चकती वायरकटवर काढा. मिलिंगने गळ्याचा कोपरा गोल होतो. काम हातात आल्यावर गळा पिन गेजने प्रत्येक ठिकाणी तपासा, सरासरीवर समाधान मानू नका. उंचीत ०.१ मिमीचा फरक पडला की प्रवाह सहा टक्क्यांनी हलतो. बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढताना फिटरने कडेवर एमरी मारली तर तेवढा फरक सहज पडतो. ‘बर काढा, कड मोडू नका’ हे ड्रॉइंगवर मराठीत लिहा.

तपासणी: यंत्र चालू झाल्यावर ठरलेल्या दाबाला प्रवाह ०.६ च्या जागी ०.६६ येत असेल तर गळा मोठा झाला आहे. बाष्पक (द्रवाची वाफ करणारा एक्स्चेंजर) तेवढी वाफ देऊ शकणार नाही, दाब घसरेल. चाकाला हात लावू नका, चकती बदला.

टप्पा ७: चाक, क्लिअरन्स, थ्रस्ट

तापमान ११० अंश आणि कडेचा वेग १८२, या दोन्हीला ७०७५-टी६ ॲल्युमिनियम पुरतं. पाच अक्षांच्या मशीनवर एकाच गोळ्यातून काढा, ओतून नको. बाहेर पडणाऱ्या बाजूला व्यास ४२ मिमी, हब २० मिमी. पाती प्रवेशाशी सरळ त्रिज्येच्या रेषेत ठेवा. शोभिवंत वाकवलेल्या पात्यांचा या आकारात उपयोग नसतो.

क्लिअरन्स ०.१२ मिमी हे लक्ष्य. थंड असताना किती ठेवायचं ते गरम झाल्यावर कोण किती वाढतं यावर ठरतं. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या दुपटीने वाढतं. म्हणून शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) मांडणी करा, ०.०५ मिमीच्या शिम हाताशी ठेवा. पहिल्या जुळणीत ०.२ ठेवून चालवा, बेअरिंग स्थिर झाल्यावर खाली आणा.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते. चाकाच्या मागच्या तोंडावर दाब साचतो. ७७ मिमी व्यासावर एक बार जादा दाब म्हणजे ४६६ न्यूटन, जवळजवळ ४७ किलोचा जोर, तोही ४५,००० फेऱ्यांवर फिरणाऱ्या बेअरिंगवर. मागे लॅबिरिंथ सील (न घासता खाचांनी वाफ अडवणारं) आणि आतल्या बाजूची वाफ कंडेन्सरकडे सोडणारी वाट ठेवली नाही, तर बेअरिंग काही तासांत निळं पडतं. निळं पडलेलं बेअरिंग बघून लोक ग्रीस बदलतात. ग्रीसचा यात काही दोष नाही.

बेअरिंग: १७ मिमी बोअर, अँग्युलर कॉन्टॅक्ट, सिरॅमिक गोळ्यांची. हा द्रव बेअरिंगच्या पीओई (कृत्रिम एस्टर) तेलात विरघळतो आणि तेल पातळ करतो. डब्यावरची व्हिस्कॉसिटी धरू नका, द्रव मिसळल्यावरची धरा आणि तेल ६० अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे त्यातला द्रव उडून जातो. शाफ्टचा क्रिटिकल स्पीड (ज्या फेऱ्यांवर तो जोरात थरथरतो) चालत्या फेऱ्यांपासून निदान २५ टक्के लांब हवा.

बाहेर पडणारा पाइप ८० मिमी घ्या, वाक कमीत कमी. तिथे ०.२ बारचा अडथळा झाला तर साडेचार टक्के ऊर्जा गेली.

टप्पा ८: केसिंग आणि जनरेटर

केसिंग आपल्याच फौंड्रीत एसजी आयर्नमध्ये ओतता येईल. अडचण ताकदीची नसते, सच्छिद्रतेची असते. पाण्याने हायड्रो टेस्ट पास झालेलं कास्टिंग हा द्रव गाळू शकतं. मशीनिंगनंतर नायट्रोजन भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. शंका असेल तर इंप्रेग्नेशन करून (छिद्रांत राळ भरून) घ्या. पोअरिंगच्या वेळी रायझर नोझलच्या बैठकीजवळ येणार नाही असं बघा.

जनरेटर त्याच बंद कवचात ठेवा, म्हणजे फिरत्या शाफ्टला बाहेर काढणारा सीलच लागत नाही. दोन ध्रुवांच्या मॅग्नेट जनरेटरची वारंवारता ७५० हर्ट्झ येईल. रेक्टिफायर आणि ग्रिड इन्व्हर्टर लागणारच. मॅग्नेट एसएच किंवा यूएच (जास्त तापमान सोसणाऱ्या) दर्जाचे घ्या. कारखान्याच्या लाइनला जोडण्याआधी महावितरणची परवानगी घ्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर स्वतः बंद होतो का, हे प्रत्यक्ष ब्रेकर पाडून बघा.

इशारा: लोड अचानक सुटला तर इतका हलका रोटर दहा टक्के जादा फेऱ्यांवर जायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. झडप तेवढ्यात बंद होत नाही. म्हणून डीसी बाजूला ब्रेक रेझिस्टर, जो इन्व्हर्टर सुटताच आपोआप लोड घेईल, आणि त्याच्या जोडीला झटकन उघडणारी बायपास झडप. दोन्ही हवेत. चाक दुप्पट फेऱ्यांना कदाचित टिकेल, मॅग्नेटवरचा स्लीव्ह आधी फुटतो.

टप्पा ९: बॅलन्सिंग आणि गळती

चाक, शाफ्ट, मॅग्नेट रोटर आणि नट सगळं जुळवून एकत्र बॅलन्स करा, दोन प्रतलांत, जी-२.५ या बॅलन्सिंगच्या दर्जाला. रोटर ९०० ग्रॅमचा असेल तर एकूण परवानगी अर्धा ग्रॅम-मिमी. ३० मिमी त्रिज्येवर हे १६ मिलिग्रॅम होतात, तांदळाच्या एका दाण्याएवढे. बॅलन्सिंगनंतर चाक काढून परत बसवायचं असेल तर नट, चाक आणि शाफ्टवर एकाच रेषेत खूण करा. नट दुसऱ्या ठिकाणी घट्ट झाला तरी केलेलं काम पाण्यात जातं.

गळतीचा क्रम:

१. नायट्रोजन आधी ३ बार, साबणाचं पाणी. मग १०, मग २०. प्रत्येक पायरीवर थांबा. दाब चढवताना माणसं लांब ठेवा. दाबलेला वायू पाण्यासारखा नसतो, फुटला तर तुकडे उडतात.
२. २४ तास दाब धरा. सकाळ-दुपारच्या तापमानाचा फरक वजा करूनच निकाल द्या.
३. व्हॅक्यूम ओढा, पंप बंद करून दोन तास बघा. चढत राहून थांबला तर आत ओल आहे, थांबतच नाही तर गळती.
४. द्रव वजनावर भरा, अंदाजाने नाही.

द्रवाची वाफ हवेपेक्षा जड आहे. शेडमधल्या खड्ड्यात साचते आणि माणूस गुदमरतो. यंत्र खड्ड्याजवळ बसवू नका. गळती असताना जवळपास वेल्डिंग बंद, कारण ज्योतीत हीच वाफ विषारी होते.

टप्पा १०: पहिली चालवणी

कंडेन्सर आधी, टर्बाइन शेवटी. पंखे किंवा टॉवर चालू. तेलाचं चक्र चालू. बायपास उघडी ठेवून फीड पंप चालू. बायपासमधूनच वीस मिनिटं वाफ फिरवा, पाइप गरम होऊ द्या. टर्बाइनच्या तोंडाशी पाच अंश सुपरहीट स्थिर दिसल्यावरच झडप उघडा. त्याआधी उघडली तर द्रवाचे थेंब १८७ मीटर प्रति सेकंदाने पात्यांच्या कडेवर आदळतात.

ब्रेक रेझिस्टरचा लोड १०,००० फेऱ्यांच्या आत लावा. २०,०००, ३०,०००, ४०,००० वर दहा-दहा मिनिटं थांबा. बेअरिंग ८० अंशांच्या वर गेलं किंवा कंप एकदम वाढला तर बंद. बंद करताना उलट क्रम, कंडेन्सर सगळ्यात शेवटी.

टप्पा ११: सुधारणा

चालू यंत्रात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलाच्या आधी आणि नंतर सहा आकडे लिहा: टर्बाइनच्या आधीचा दाब व तापमान, नंतरचा दाब व तापमान, द्रवाचा प्रवाह, निव्वळ किलोवॉट. नुसते किलोवॉट लिहिले तर सकाळची थंड हवासुद्धा सुधारणा वाटते.

शोधायचा क्रम:

– यंत्र रात्रभर बंद ठेवून पहाटे कंडेन्सरचा दाब बघा. त्या तापमानाला तक्त्यात येणाऱ्या दाबापेक्षा ०.२ बार जास्त असेल तर आत हवा आहे. वरच्या टोकाकडून ती काढा.
– चालू असताना कंडेन्सर डिझाइनपेक्षा तीन अंशांहून जास्त गरम? पंखे, क्षार, टॉवर बघा.
– फीड पंपाचा दाब हलतोय? सबकूलिंग आणि उंची.
– प्रवाह जास्त, दाब कमी? नोझलचा गळा.
– सगळे दाब बरोबर, तरी टर्बाइनमधून बाहेर येणारी वाफ अपेक्षेपेक्षा गरम? आता चाक. उदाहरणात ७० टक्के कार्यक्षमतेला ती ६५ अंशांच्या आसपास यायला हवी. ७० दिसली तर क्लिअरन्स मोजा, मग फेरे ठरलेल्या आकड्यावर आहेत का ते बघा.

शेवटच्या बाबतीत क्लिअरन्स ०.२ वरून ०.१२ वर आणताना शिम काढल्यावर रोटर आधी हाताने फिरवा. घासल्याचा आवाज कानाने येतो, तो डायलवर दिसत नाही. फिरवताना एका जागी अडकला तर केसिंगचा चेहरा वाकडा आहे. त्यावर शिम हे उत्तर नाही, पुन्हा फेसिंग करा.